२४ मेगापिक्सेल क्रॉपवर आणि २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमवर: फरक नेमका कुठे दिसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात कॅननचा २०० डी मार्क २, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. कामं कोल्हापुरातली: मंगल कार्यालयातली लग्नं, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, अधूनमधून गुजरीतल्या सराफांचे दागिने, आणि सुट्टी मिळाली की दाजीपूरचं जंगल. हा कॅमेरा 'क्रॉप', म्हणजे लहान सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप), २४ मेगापिक्सेलचा; आणि दुकानात दाखवलेला कॅननचा आर ८ मोठ्या, म्हणजे 'फुलफ्रेम' सेन्सरचा, तोही २४चाच. मग दीड लाख घालून रिझोल्यूशन वाढणार का, आणि कार्यालयातले दाणेदार फोटो सुधारणार का?

पिक्सेल वाढणार नाहीत. लग्नातला फोटो स्वच्छ होईल, पण बॉडीबरोबर कोणती लेन्स घेता यावर ते जास्त ठरेल. आणि स्टेडियमवर आहे तीच लेन्स लावलीत, तर नवा कॅमेरा जुन्याच्या मागे पडेल.

आधी मापं बघू. तुमचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, फुलफ्रेम ३६ × २४चा. दोन्हींवर पिक्सेल ६००० × ४०००. आता १२ × १८ इंची प्रिंट काढा. फुलफ्रेमवर पडलेलं चित्र साधारण १२.७ पट मोठं होऊन कागदावर येतं, तुमचं २०.५ पट. म्हणजे लेन्सचा मऊपणा, फोकसची बारीक चूक, हाताचा शेक, कडेची जांभळी झालर, सगळंच तुमच्याकडे १.६ पट जास्त फुगवलं जातं. 'पिक्सेल तेवढेच, पण फुलफ्रेमचा फोटो खणखणीत दिसतो' असं लोक म्हणतात त्याचं मुख्य कारण हे आहे.

आकड्यांत पाहायचं तर समजा एखादी लेन्स दर मिलिमीटरला काळ्या-पांढऱ्या रेघांच्या ५० जोड्या वेगळ्या दाखवते. फुलफ्रेमच्या २४ मिलिमीटर उंचीत अशा १२०० जोड्या बसल्या, तुमच्या १४.९ मध्ये ७४५. दोन्ही सेन्सरांच्या ४००० पिक्सेल उंचीत तत्त्वतः २००० जोड्या मावतात. म्हणजे पिक्सेल दोघांकडेही उरलेले आहेत, कमी पडते ती लेन्स. क्रॉप बॉडीवर साध्या लेन्सने ३२ मेगापिक्सेल मिळवले म्हणून तपशील त्या प्रमाणात वाढत नाही, तो यामुळेच. उलट त्याच क्रॉप बॉडीवर चांगली प्राइम (झूम नसलेली लेन्स) एफ ४ ला वापरली (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं), तर तोच २४ मेगापिक्सेलचा सेन्सर ओळखू येणार नाही इतका बदललेला वाटतो. १८-५५ ही ५५ एमएमला एफ ५.६ वर पूर्ण उघडी असते, आणि कार्यालयात ती नेमकी तिथेच वापरली जाते.

आता दाण्यांचं. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण २.६ पट. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप सेन्सरची रुंदी २३.५ मिलिमीटर असते, त्यांच्याशी तुलना केली तर २.३ पटीच्या आसपास. फ्रेम तीच, एफ नंबर तोच आणि शटर तोच असेल, तर फुलफ्रेमवर एकूण प्रकाश तेवढ्या पट जमा होतो. स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) सांगायचं तर कॅननला एक आणि एक तृतीयांश, बाकीच्यांना सव्वाच्या जरा आत. एकाच पिढीचे सेन्सर धरले, तर फुलफ्रेमचा आयएसओ (अंधारात वाढवायची संवेदनशीलता, वाढवली की दाणेही वाढतात) ६४०० हा तुमच्या २५०० सारखा दिसतो. फायदा खरा आहे, पण 'रात्रीचा दिवस होतो' वगैरे काही होत नाही.

आणि हा जादा प्रकाश सेन्सर आणत नाही. तो येतो लेन्सच्या छिद्रातून. फ्रेम तेवढीच ठेवायला फुलफ्रेमवर लांब लेन्स लागते, आणि त्याच एफ नंबरला लांब लेन्सचं छिद्र मोठं असतं, इतकंच. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागा, छिद्राचा व्यास मिळतो. दोन सेटअपची तुलना करायची असली की फ्रेम सारखी करून हा व्यास काढायचा. ज्याचा मोठा, त्याचा फोटो अंधारात स्वच्छ, आणि त्याचीच पार्श्वभूमी जास्त धूसर. पुढचं सगळं उत्तर या एका भागाकारावर उभं आहे.

कार्यालयात तो करून बघू. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टका चालू आहेत, व्हिडिओवाल्याचा दिवा दुसरीकडे वळलाय. तुमची लेन्स ५५ वर, एफ ५.६, शटर १/१००, आणि कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० मागितला. छिद्र जेमतेम १० मिलिमीटर. त्याच बॉडीवर ५० एमएम एफ १.८ लावली की छिद्र २८ मिलिमीटरचं होतं आणि आयएसओ येतो ६४०च्या आसपास. आता दुसऱ्या बाजूला आर ८ त्याच्या नेहमीच्या किट लेन्ससह, म्हणजे २४-५० एफ ४.५-६.३. ५० वर एफ ६.३, म्हणजे आयएसओ ८०००. फुलफ्रेमचा फायदा वजा केला तरी तो तुमच्या क्रॉपवरच्या साधारण ३२०० सारखाच दिसणार. म्हणजे जुन्या बॉडीवरची साधी ५० एमएम, नव्या फुलफ्रेमवरच्या किट झूमला दोन स्टॉपपेक्षा जास्त फरकाने मागे टाकते. फुलफ्रेमवरही एफ १.८ किंवा २.८ची लेन्स लावलीत की चित्र फिरतं आणि वर सांगितलेला एक आणि एक तृतीयांश स्टॉप तुमच्या पदरात पडतो. त्यामुळे दीड लाखांत बॉडी आणि किट लेन्स घेऊन बसलात तर फोटो थोडेच सुधारतील, आणि मग 'फुलफ्रेममध्ये काही दम नाही' असं वाटेल.

एफ १.८ ची दुसरी बाजूही बघून ठेवा. तुमच्या बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ९ फोकस पॉइंट आहेत. कडेच्या पॉइंटवर एफ १.८ ला भरवसा ठेवलात तर नवरीच्या डोळ्याऐवजी मुंडावळ्यांवर फोकस बसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) जाऊन आय डिटेक्शन, म्हणजे डोळा शोधून फोकस करणारी सोय, चालू करा, ते या बॉडीत चांगलं चालतं. नवरा-नवरी दोघं एका फ्रेममध्ये असतील आणि एक पुढे, एक मागे उभा असेल, तर एफ २.८ च्या खाली जाऊ नका. दुसरा चेहरा आऊट जातो आणि ते घरी मोठ्या स्क्रीनवर कळतं.

शटर १/१०० च का, तर आपल्याकडे वीज ५० सायकलची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला एक-दोन पूर्ण लुकलुक फोटोत मावते आणि प्रकाश सारखा येतो. हार घालताना हात गोठवायला १/२०० वर गेलात की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळपट असं सुरू होतं. स्वस्त एलईडी माळा आणि स्टेजमागच्या पट्ट्या यापेक्षा कितीतरी वेगाने लुकलुकतात, आणि मिररलेसवर (आर ८ सारख्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) आवाज न करणारं सायलेंट शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. याचा सेन्सरच्या आकाराशी संबंध नाही. ३३ मेगापिक्सेलच्या महागड्या फुलफ्रेमवरही ते येतात. सायलेंट बंद ठेवा आणि पहिल्या पाच मिनिटांत चाचणीचे चार फोटो काढून झूम करून बघा. तसंच जांभळ्या दिव्याखालची त्वचा फुलफ्रेमने गोरी होत नाही. त्याला फ्लॅश लागतो. छत पांढरं आणि दहा-बारा फुटांवर असेल तर फ्लॅश छताकडे वळवून बाउन्स करा. छताला गुलाबी कापड ताणलं असेल तर बाउन्स केलेला प्रकाशही गुलाबीच येणार, तिथे फ्लॅशला छोटा सॉफ्टबॉक्स लावून थेट मारणं बरं. फ्लॅशने आयएसओ ८०० वर आलात की १२ × १८ मध्ये क्रॉप आणि फुलफ्रेम ओळखणं जवळजवळ अशक्य.

फुलफ्रेम निर्विवाद पुढे राहते ती सावल्या उचलताना. नवरदेवाचा पांढरा फेटा बर्न होऊ नये (तपशील जाऊन नुसता पांढरा दिसू नये) म्हणून एक्स्पोजर खाली धरलं आणि नंतर शालूच्या काळसर घड्या दोन स्टॉप वर खेचल्या, की क्रॉपमध्ये तिथे आधी रंगीत दाणे येतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर एआय डिनॉइजने (संगणकावर दाणे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने) हा फरक बराच बुजतो, पण दोन हजार फोटोंवर तो चालवायला संगणकही तसा लागतो आणि रात्रही. अल्बमसाठी निवडलेल्या दीडशे-दोनशे फोटोंपुरता तो ठेवा.

आता स्टेडियम, जिथे सगळे फसतात. खेळाडू ६० मीटरवर, उंची १.७ मीटर, लेन्स २५० एमएम. सेन्सरवर त्याची प्रतिमा ७ मिलिमीटरची पडते, मग मागे कुठलाही सेन्सर असो. तुमच्या सेन्सरवर एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, म्हणजे खेळाडू १९०० पिक्सेल उंच. आर ८ वर पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे ११८० पिक्सेल. त्याच लेन्सने, त्याच जागेवरून, फुलफ्रेमचा खेळाडू कापून काढलात तर उंचीतले पिक्सेल साधारण ६२ टक्केच उरतात. दाण्यांचा फायदाही संपतो, कारण कापताना जादा क्षेत्रफळ तुम्ही फेकून दिलंत. फुलफ्रेम कापली की ती क्रॉपच होते. (तुमची ५५-२५० अॅडॅप्टरने, म्हणजे जोडकड्याने, आर ८ वर लावलीत तर हे कापणं कॅमेरा स्वतःच करतो, ते पुढे येईल.)

'मग फुलफ्रेमवर ४०० एमएम लावू.' जरूर, पण कोणती? परवडणारी, कॅननच्या मिररलेससाठीची आरएफ १००-४०० ही ४०० वर एफ ८ आहे. भागाकार करा: ४०० भागिले ८, छिद्र ५० मिलिमीटर. तुमची २५० भागिले ५.६, म्हणजे ४५. फ्रेम दोन्हीकडे सारखीच, कारण २५० गुणिले १.६ म्हणजे ४००. सगळा खर्च करून प्रकाशात एक तृतीयांश स्टॉप वाढला. दाजीपूरला संध्याकाळी गवा झाडीतून बाहेर येतो तेव्हा हाच हिशेब लागू. तिथे फरक पडतो तो ३०० एफ ४ (छिद्र ७५ मिलिमीटर) किंवा त्याहून मोठ्या काचेने, आणि ती क्रॉप बॉडीवरही तितकीच काम करते. लांबचं टिपणं हेच मुख्य काम असेल, तर फुलफ्रेमऐवजी कॅननचाच क्रॉप सेन्सरचा आर ७ बघा: ३२.५ मेगापिक्सेल, पिक्सेल ३.२ मायक्रॉन, वरचा खेळाडू २२०० पिक्सेलचा. फक्त त्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. सेन्सर वाचायला वेळ घेतो, जोरात मारलेला चेंडू अंड्यासारखा येतो. मेकॅनिकल शटरने सेकंदाला १५ फोटो मिळतात, तेवढे पेठेतल्या कुठल्याही सामन्याला पुरतात.

दागिन्यांचं लवकर संपवतो, कारण तिथे सेन्सरचा आकार जवळपास गौण आहे. ट्रायपॉड आहे, दिवे तुमचे आहेत, आयएसओ १०० आहे, मग दाणे कुठून येणार? तिथे पंचाईत फोकसच्या खोलीची. १५ सेंटिमीटर रुंदीत कोल्हापुरी साज मांडला, एफ ११ लावला, तर फुलफ्रेमवर साधारण १४ मिलिमीटर खोली धारदार येते, क्रॉपवर २० मिलिमीटर. पानड्या आणि मधला फुगीर भाग धरायला क्रॉप सोपा वाटतो. फुलफ्रेमवर एफ १६ केलात की तेवढीच खोली मिळते आणि डिफ्रॅक्शनने (छिद्र फार लहान केलं की प्रकाश पसरतो त्याने) येणारा मऊपणाही तेवढाच. म्हणून यात कुणी जिंकत नाही. तुमच्या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे मात्र जाऊ नका. एफ १६ वर सोन्याचे बारीक मणी एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. खोली कमी पडली तर एफ ८ वर फोकस थोडा थोडा सरकवत सहा-सात फोटो काढा आणि संगणकावर एकत्र जोडा (स्टॅक करा). दागिन्याला खरी सुधारणा हवी असेल तर मॅक्रो लेन्स आणि दिव्यांपुढे ट्रेसिंग पेपर.

प्रिंटला किती पिक्सेल लागतात हे माहीत असलं की मेगापिक्सेलची चिंता निम्मी होते. २४ मेगापिक्सेल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० × १३ इंच जातात. लग्नाच्या करिझ्मा अल्बमची १२ × ३६ ची पूर्ण शीट एकाच फोटोची करायची असेल तर ३:२ चा फोटो ३:१ मध्ये कापावा लागतो आणि ६००० × २००० उरतात, म्हणजे १६७ डीपीआय. हातात धरून बघायला ते चालतं. ३३ मेगापिक्सेलला हाच आकडा १९५ होतो, ४५ ला २३० च्या जवळ. फोटो 'फाटतो' तो बहुतेक वेळा आधीच कापलेला फोटो पुन्हा शीटवर ताणल्यामुळे, नाहीतर व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल लॅबला दिल्यामुळे. आणि चौकातल्या वाढदिवसाच्या २० फुटी फ्लेक्सवर २४ मेगापिक्सेल म्हणजे २५ डीपीआय. तीस फुटांवरून मोटारसायकल थांबवून बघणाऱ्याला ते भरपूर आहेत. फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा विचित्र दिसतो तो कॅमेऱ्यामुळे नाही, गुळगुळीत केलेल्या त्वचेमुळे.

फुलफ्रेम घ्यायचीच ठरली तर आधी लेन्सची वही मांडा. १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही क्रॉपच्या लेन्स आहेत. अॅडॅप्टर लावून आर ८ वर त्या बसतात, पण बॉडी आपोआप क्रॉप मोडमध्ये जाते आणि फोटो ३७४४ × २४९६ चा, म्हणजे ९.३ मेगापिक्सेलचा मिळतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. निकॉन आणि सोनीच्या २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमवर क्रॉपची लेन्स लावली तर १० च्या आसपास उरतात. ६१ मेगापिक्सेलच्या सोनीवर मात्र क्रॉप मोडमध्येही २६ मिळतात, तो मामला वेगळा आणि त्याचं बिलही.

तुमच्या जागी खरेदीचा क्रम मी असा लावेन. पहिली ५० एमएम एफ १.८. क्रॉपवर ती ८० सारखी, पोर्ट्रेटला छान, आणि उद्या फुलफ्रेमवरही अॅडॅप्टरने पूर्ण चालते. दुसरा फ्लॅश. तिसरी पायरी थोडी विचाराची. सिग्माची १८-३५ एफ १.८ तुमच्या बॉडीवर फुलफ्रेमच्या २९-५६ एफ २.८ एवढं काम करते, छिद्र १९ मिलिमीटर, आणि कार्यालयातल्या ग्रुप फोटोंना तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती क्रॉपची आहे. दोन वर्षांत फुलफ्रेमवर जाणार असाल तर ती वगळा आणि जुन्या बाजारात ईएफ माउंटची (तुमच्या बॉडीवर बसणारी) २४-७० एफ २.८ शोधा. क्रॉपवर २४ तितकी रुंद पडत नाही, तोपर्यंत रुंद फोटोंना १८-५५ आहेच. घेताना लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती पसरते.

बॉडी सगळ्यात शेवटी. त्या वेळी आर ८ मध्ये एकच कार्ड स्लॉट आहे आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा शेक सावरणारी सोय) नाही हे लक्षात ठेवा. आर ७ मध्ये दोन्ही आहे. निकॉनच्या झेड ५ मध्येही दोन स्लॉट आणि स्टॅबिलायझेशन आहे, पण मग कॅननच्या सगळ्या लेन्स विकाव्या लागतील. लग्नात कार्ड गेलं तर परत फेरे घ्यायला कुणी येत नाही, त्यामुळे हा मुद्दा दाण्यांइतकाच मोठा आहे. व्हिडिओ करत असाल तर मात्र फुलफ्रेमकडे झुकायला एक रास्त कारण आहे. २०० डी मार्क २ चं फोर-के आणखी कापलं जातं आणि त्यात ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननची वेगवान ऑटोफोकस पद्धत) चालत नाही. आर ८ पूर्ण रुंदीत फोर-के ६० देतो.

एक जोतिबाच्या यात्रेपुरतं. गुलालात लेन्स बदलू नका, मग सेन्सर कोणताही असो. झूम आत-बाहेर केली की ती हवा ओढते आणि गुलाल आत जातो. सेन्सरवर बसलेला कण एफ २.८ ला दिसत नाही, एफ ११ ला आकाशात डाग बनून उभा राहतो.

पैसे देण्याआधी चाचणी करा. दोन्ही बॉडी ट्रायपॉडवर ठेवा, फुलफ्रेमवर ८५ एमएम आणि तुमच्यावर ५० एमएम, म्हणजे फ्रेम जवळपास सारखी येईल. दोन्ही एफ २.८, शटर सारखा, रॉ, आयएसओ ८००, ३२०० आणि ६४००. जेपेगवर जाऊ नका, कॅमेरा आतच दाणे पुसतो आणि कोण किती पुसतो त्याचीच तुलना होते. मागच्या स्क्रीनवर शंभर टक्के झूम करूनही ठरवू नका. सहाही फाइल लॅबला देऊन १२ × १८ काढा आणि हातभर अंतरावर शेजारी शेजारी ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलने बॉडी आणि आयएसओ लिहून ठेवा, नाहीतर ८०० च्या दोन प्रिंटमधली कुठली कशाची, ते ठरवत बसाल.